सातखेडचं गोडं पाणी

सातखेडच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. वडनेर भोलजीपासून पूर्णा नदीच्या बाजूला उतरत गेलं की बारा किलोमीटरवर हे गाव लागतं. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारं, की चहात टाकलेलं दूध फाटतं आणि हंड्याला आतून पांढरी खपली धरते. लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच पीत आले. मग कधीतरी चाळिशीतल्या माणसांचे पाय सुजायला लागले. पहिले दोघे-तिघे गेले तेव्हा गाव म्हणालं, दारूनं गेले. नंतर दारूला कधी न शिवलेलेही जायला लागले.

वंदनाचा नवरा राजकुमार दारूला न शिवलेल्यांतला. शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर होता. छत्तिसाव्या वर्षी त्याला जिना चढताना दम लागायला लागला, तोंडाला चव राहिली नाही. खामगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि एवढंच विचारलं, "कोणतं गाव?" गावाचं नाव ऐकल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिसच्या मशीनवर जाणं सुरू झालं.

वंदना दहावी शिकलेली, बचत गटाची अध्यक्ष. घरात ती, राजकुमार आणि सासू वच्छलाबाई. लेकीला मामाकडे बुलढाण्याला ठेवलं होतं, तिथलं पाणी चांगलं म्हणून. नवऱ्याला घेऊन एसटीनं जाता-येता वंदनाला हायवेवर एक पाटी दिसायची. जिल्ह्यात सोयाबीनचं तेल काढणारी एक कंपनी होती, तिनं रस्त्याच्या कडेला झाडं लावली होती, त्याची ती पाटी. खाली पत्ता होता. वंदनानं त्या पत्त्यावर पत्र लिहिलं. विनंती वगैरे काही नाही. नुसती गावातल्या एकोणीस माणसांची नावं, वय, आणि पुढे 'आजारी' किंवा 'वारले'. दोन महिने उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं पुन्हा यादी पाठवली. या वेळी नावं एकवीस होती.

मग चंद्रशेखर साहेब आले. कंपनीच्या समाजकार्याचं खातं सांभाळणारा तिशीतला माणूस. टोपी घालून, हातात पाण्यातला खार मोजणारं पेनाएवढं मीटर घेऊन तो चार दिवस गावभर फिरला, एकूण एक विहीर न्‌ बोअर मोजली आणि आकडे वहीत उतरवले. बोअरचं पाणी दोन हजारांच्या वर. सगळ्या शिवारात एकच विहीर बरी निघाली, नाल्याकाठची अन्नपूर्णाबाईंची. सहाशे चाळीस.

"वंदनाताई, हे मीटर तुमच्याकडे ठेवा," जाताना तो म्हणाला. "पाण्याचं मशीन इथं बसणार आहे आणि ते तुम्ही चालवणार आहात."

आणि खरंच बसलं. ग्रामपंचायतीच्या मागे निळ्या पत्र्याची खोली, आत उभ्या नळकांड्या, बाहेर तीन तोट्या. लोक त्याला कंपनीचं पाणी म्हणायला लागले. पहिल्या आठवड्यात बायकांनी घरोघरी तुरीचं वरण केलं आणि एकमेकींच्या घरी वाटीनं पाठवलं, सण असल्यासारखं. वंदना सकाळी सहाला मशीन सुरू करायची, मीटर बुडवायची आणि फळ्यावर खडूनं आकडा लिहायची. नव्वद. कधी पंच्याऐंशी.

राजकुमार तोवर पाणी पिण्यापलीकडे गेला होता. अशा माणसाच्या अंगातून पाणी बाहेर पडत नाही, ते फुप्फुसात भरतं, म्हणून दिवसाला चहा-वरण धरून एक लिटर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वंदना त्याला स्टीलच्या छोट्या पेल्यानं पाणी द्यायची, दिवसाला चार पेले. मशीन घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ती दर दोन तासांनी येऊन जायची.

"साऱ्या गावाले पाजतं अन् मले पेल्यानं मोजून देतं," तो हसून म्हणायचा. "असा न्याय कुठी पाह्यला का वो?"

"चूप बसा. चौथा पेला चार वाजता."

मशीनचं एक वैशिष्ट्य होतं. दोन बादल्या खारं पाणी आत गेलं की एक बादली गोडं निघे, आणि दुसऱ्या बादलीत सगळा खार उतरे. हे दुसरं पाणी जमिनीत जाऊ नये म्हणून शाळेच्या मागे जाड प्लॅस्टिक अंथरलेलं एक उथळ टाकं करायचं होतं, उन्हानं पाणी उडून जावं आणि मीठ खाली राहावं, असं. चंद्रशेखरच्या नकाशात ते निळ्या रेघेनं काढलेलं होतं. पण त्या जागेवरून पंचायतीच्या दोन मेंबरांचं भांडण लागलं, आणि उद्घाटनाला कंपनीचे मोठे साहेब येणार म्हणून तारीख आधीच ठरली होती. तेव्हा तात्पुरता म्हणून एक पाइप नाल्यात सोडला. पावसाळ्याआधी टाकं होईल, असं तेव्हा सगळे म्हणाले. त्यानंतर दोन पावसाळे गेले.

जानेवारीतल्या एका सकाळी अन्नपूर्णाबाई मेथीची जुडी घेऊन मशीनवर आल्या. पन्नाशीच्या, एकट्याच. नवरा गेल्यापासून विहिरीवर अर्धा एकर भाजी करून नांदुऱ्याच्या बाजारात विकायच्या.

"वंदने, पाह्य बरं हे. पानाच्या कडा जळून राह्यल्या. वांग्याचंबी तसंच. खत बदललं, फवारलं, काहीच फरक नाही. माह्या हातालेच काही झालं का काय, मले समजून नाही राह्यलं."

वंदनानं पान हातात घेतलं. कडा तपकिरी, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. दुपारी मीटर घेऊन ती अन्नपूर्णाबाईंच्या विहिरीवर गेली, दोरानं डबा सोडून पाणी काढलं आणि मोजलं. एक हजार नऊशे दहा. मीटर बिघडलं असेल म्हणून तिनं पुसून पुन्हा बुडवलं. तोच आकडा. तिथून नाल्याच्या वरच्या अंगाला पाहिलं तर पांढरा पाइप दिसत होता आणि त्याच्या तोंडाखालच्या दगडांवर मीठ फुललेलं होतं.

आठ दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर मशीन बंद होईल, हे तिला कळत होतं. बंद झालं तर गाव परत बोअरवर जाईल, म्हणजे आजारी माणसं, लहान लेकरं, पोटुशा बायका, सगळे. त्या आठ दिवसांत अन्नपूर्णाबाई रोज कॅन भरायला यायच्या आणि वंदना खाली पाहून तोटी सोडायची.

नवव्या दिवशी खामगावहून परतताना एसटीत तिनं राजकुमारला सांगितलं. डायलिसिसवरून उतरलं की त्याला बोलवत नसे. त्या दिवशी मात्र तो बोलला.

"सांगून दे," तो म्हणाला.

"बंद करतीन ना ते. मंग?"

"आपल्या पोटात खारं पाणी गेलं तं आपल्याले कोणी सांगतलं नाही. कोणाले माहीतच नव्हतं. तुले तं माहीत आहे." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तिचं सारं घर त्या हिरीवर आहे, वंदना."

तिनं चंद्रशेखरला फोन केला. त्यानं विहिरीचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "ताई, मी बघतो. पण लेखी काही पाठवू नका. लेखी आलं की वरचे लोक त्याच दिवशी मशीन थांबवतील, नियमच आहे तसा. मला पंधरा दिवस द्या, टाक्याचं काम लावतो."

पंधरा दिवस गेले. टाक्याची जागा तशीच राहिली, तिच्यात बकऱ्या चरत होत्या. वंदनानं पुन्हा फोन केला, त्यानं पुन्हा आठवडा मागितला. तो आठवडाही गेला. मग तिनं वहीचं पान फाडलं आणि आधी जसं लिहिलं होतं तसंच लिहिलं. विहीर कोणाची, तेव्हाचा आकडा, आताचा आकडा, पाइप कुठे सोडला आहे. खाली सही. अन्नपूर्णाबाईंना तिनं पत्र टाकल्यावर सांगितलं. त्या विहिरीच्या काठावर बसल्या.

"म्हंजे माह्या हातात काही खोट नव्हती?"

"नाही काकू."

"अन् आता पाणी बंद होईन?"

"हाव."

"गाव तुले जगू देईन का वो पोरी?"

कंपनीनं नियमाप्रमाणे तिसऱ्या दिवशी मशीन थांबवलं. दोन इंजिनिअर आले, त्यांनी पाइप कापला, विहिरीचे नमुने नेले. टाकं होईपर्यंत एक दिवसाआड टँकर येईल असं कागदावर लिहून दिलं. महिनाभर टँकर आला. मग रस्त्याच्या कामात पूल तोडला आणि टँकर आठवड्यातून एकदा यायला लागला, तोही वरच्या आळीतच रिकामा व्हायचा. टाक्याची जागा पंचायतीच्या भांडणात अडकूनच होती. मार्चमध्ये लोक बोअरवर परतले. बचत गटाच्या बैठकीला वंदनासोबत चार जणी उरल्या. कुणीतरी मशीनच्या दारावर खडूनं लिहून गेलं, 'वंदनाबाईची कृपा'. तिनं ओल्या फडक्यानं ते पुसलं.

घरात वच्छलाबाई तोंडावर बोलायच्या. "दुसऱ्याच्या मेथीसाठी आपलं घर तान्हेलं ठेवलं. असं कोण करते?"

राजकुमार म्हणायचा, "माय, मीच सांगतलं तिले."

"तू आजारी माणूस. तुले काय समजते?"

राजकुमारला खारं पाणी चालणारच नव्हतं. मीठ पोटात गेलं की तहान वाढते, आणि तहान वाढली की तो पाणी मागणार. म्हणून वंदना दर दोन दिवसांनी वडनेरला जाऊन गोड्या पाण्याचा जार आणायची. सकाळच्या गाडीनं जाणं, दुपारच्या गाडीनं येणं. तेवढा वेळ राजकुमार सासूजवळ असायचा. निघताना ती पेले भरून झाकून ठेवायची आणि वच्छलाबाईंना म्हणायची, "आत्याबाई, याच्यावर नका देऊ."

"हाव बाई, समजलं मले."

मेच्या चौदा तारखेला ऊन शेहेचाळीसच्या वर गेलं होतं. वडनेरला परतीची गाडी आली नाही. वंदना जार घेऊन फाट्यावर दोन तास उभी राहिली, मग एका ट्रॅक्टरवर बसून आली. अंगणात अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. राजकुमार बाजेवर उठून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आणि श्वास घेत होता तो असा, की छातीतला खडखडाट दारापर्यंत ऐकू येत होता. वच्छलाबाई त्याची पाठ चोळत होत्या. अन्नपूर्णाबाईंनी गाडी सांगून ठेवली होती. वंदना त्याच्याजवळ बसली तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला गेला, पण बोलायला लागणारा श्वास त्याच्याजवळ नव्हता. गाडी नांदुऱ्याच्या अलीकडे पोहोचली आणि तो खडखडाट थांबला.

खामगावला डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी भरलं. उन्हाळ्यात असं होतं. वंदनानं विचारलं, "जास्त पाणी पेल्यानं?"

"त्यानंही होतं. कशानंही होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

घरी आल्यावर वच्छलाबाई माणसांच्या देखत म्हणाल्या, "हिनं पाणी बंद केलं. हिनं माह्या लेकाले मारलं." कुणी त्यांना गप्प केलं नाही. जलदान विधीला भंतेजी आले, पांढऱ्या कपड्यांत भावकी बसली, लेक मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. गावातल्या फार थोड्या बायका आल्या. अन्नपूर्णाबाई तीन दिवस तिथेच राहिल्या, भांडी घासली, भाकरी टाकल्या, आणि कुणी काही बोलायला लागलं की बोलणाऱ्याकडे एकटक पाहत राहायच्या.

वंदना रडली नाही. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू असायचा. मशीन चालू असतं तर ती हाकेवर असती. हाकेवर असती तर पाचवा पेला त्याच्या ओठाला लागला नसता. त्यानं उठून स्वतःच हंड्यातून घेतलं असेल, असं ती धरून चालली होती. हंडा बोअरच्या पाण्याचा होता.

जुलैत टाकं झालं. राजकुमार गेल्यावर दोन्ही मेंबरांनी काही न बोलता जागेच्या कागदावर सह्या केल्या होत्या. मशीन सुरू करायच्या दिवशी कंपनीनं मांडव टाकला. वंदनाताईंचा सत्कार ठेवला आहे, असं कुणीतरी सांगत आलं. ती गेली नाही. मग चंद्रशेखर एकटाच घरी आला आणि ओसरीच्या कडेला बसला. टोपी काढून हातात धरली होती.

"टाकं झालंय, असं मी पहिल्या उद्घाटनाच्या कागदावर लिहिलं होतं," तो म्हणाला. "सही माझी होती. मी आता हे ऑफिसात सांगितलंय. माझी बदली झाली आहे. ते ठीकच आहे."

वंदना त्याच्यासमोर बसली. मग म्हणाली, "साहेब, तुम्ही आले नसते तं या गावाले पाणीच नसतं भेटलं. ते मी विसरत नाही. पण मी फोन केला तेव्हा तुम्ही ऐकाले पाह्यजे होतं. जानेवारीतच ऐकाले पाह्यजे होतं."

"हो."

"बस. मले एवढंच म्हणायचं होतं."

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वंदनानं मशीनचं कुलूप उघडलं. दुसरं कुणी चालवायला तयार नव्हतं, आणि तिला घरात बसवत नव्हतं. लोक कॅन घेऊन आले. काही जणी बोलल्या, काही नाही. अन्नपूर्णाबाईंच्या विहिरीचा आकडा सतराशेच्या खाली आला नव्हता, तीन-चार चांगले पावसाळे लागतील असं इंजिनिअर म्हणाला होता. कंपनीनं त्यांच्या वावरासाठी काही मदत मंजूर केली होती, कागद फिरत होते. तोवर त्या दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायच्या आणि जाता-जाता मशीनच्या पायरीवर घटकाभर टेकायच्या.

वच्छलाबाई मात्र कंपनीच्या पाण्याला शिवत नव्हत्या. घरात दोन माठ झाले. वंदनानं भरलेला माठ तसाच राहायचा, म्हातारी सकाळी स्वतः बोअरवरून कळशी आणायची आणि तेच प्यायची. भाद्रपदात तिचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा राहायचा. वंदनानं तो खळगा ओळखला.

"आत्याबाई, खामगावले चला. अन् हे पाणी प्याचं बंद करा. माह्यावर राग आहे तं असू द्या, पाण्यावर काऊन काढता?"

"मले नको ते पाणी."

"काऊन पण?"

वच्छलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि मग खाली सोडला.

"त्यानं मले मांगतलं होतं," त्या म्हणाल्या.

वंदनाला आधी समजलं नाही.

"त्या दिवशी. तू ठेवलेलं पेऊन झालं होतं. मंग मले म्हणे, माय, पाणी दे. मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. मंग तो लहानपणी मांगे ना, तसं मांगतलं त्यानं. ओठ फाटले होते. मी उठली अन् हंड्यातलं दिलं, बोअरचं. मंग मी कोणत्या तोंडानं गोडं पेऊ?"

अंगणात कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. साडेतीन महिने तिनं ऐकून घेतलं होतं. भावकीसमोर, बायांसमोर, लेकीसमोर. तिचा हात आपोआप वर उठला आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरला.

"किती पेले दिले?"

"मोजले नाही." म्हातारी तिच्याकडे पाहत नव्हती. "पोरगं पीत होतं अन् मी पाहत होती. मी कशी मोजू?"

"अन् मले म्हटलं तुम्ही. साऱ्याइच्या समोर."

"हाव. म्हटलं."

"काऊन?"

"मंग कोणाले म्हणू? मलेच म्हणतो ना मी रोज. मले तं कोणी ऐकत नाही."

वंदना उठून दारापर्यंत गेली. बाहेर पांढरं ऊन होतं. तिला जावंसं वाटलं, लेकीकडे बुलढाण्याला, परत न येण्यासाठी. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि कितीतरी वेळानं, मागे न पाहता, तिनं विचारलं,

"पाणी पेल्यावर काही बोलले का ते?"

"हासला," त्या म्हणाल्या. "म्हणे, माय, वंदनाले नको सांगजो. ते रागावते."

वंदना तिथेच उंबऱ्यावर खाली बसली. आधी तिचे खांदे हलले, मग तोंडातून आवाज फुटला, चौदा मेपासून अडकून राहिलेला. वच्छलाबाई सुजल्या पायांनी सरकत सरकत तिच्याजवळ आल्या, पण तिला हात लावायचा धीर त्यांना झाला नाही. त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

दुपारी बंद केलेलं मशीन चार वाजता पुन्हा उघडायची वेळ होती. लोक कॅन घेऊन तिथे थांबले होते, हे दोघींनाही माहीत होतं. त्या दिवशी वंदना अर्धा तास उशिरा गेली.